चंबावंबाचा बॉफ व्हॉली: कंपनीला विकला गेलेला पंक, की कंपनीलाच कामाला लावणारा?

कातळकडा
नमस्कार मंडळी. १९९७-९८ मध्ये ज्यांनी चॅनल व्ही नाहीतर एमटीव्ही पाहिलंय त्यांना 'टबथम्पिंग' वेगळं सांगायला नको. पडलो तरी पुन्हा उठतो, असं घोळक्यानं ओरडून सांगणारं ते गाणं त्या काळी कॉलेजच्या गॅदरिंगपासून वरातीतल्या डीजेपर्यंत सगळीकडे वाजलं. ब्रिटनमध्ये ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत सहाव्या. आपल्यातल्या बहुतेकांसाठी चंबावंबा हा बँड तिथेच सुरू होतो आणि तिथेच संपतो.

पण ही पंक, म्हणजे धसमुसळ्या बंडखोर रॉकवाली, मंडळी १९८२ पासून गात होती. लीड्सच्या आर्मली भागात एका पडक्या घरात घुसून एकत्र राहायची, एकत्र शिजवायची, मिळालेले पैसे सारखे वाटून घ्यायची. कट्टर अराजकवादी, म्हणजे सरकार, पक्ष, मालक कोणीच नको म्हणणारे. त्यांचा गिटारवाला बॉफ व्हॉली हा बर्नलीचा, मॉर्मन घरात वाढलेला मुलगा. त्याचं 'फुटनोट' हे आत्मकथन २००३ मध्ये आलं. ते सध्या वाचतोय, म्हणून हा धागा.

मुद्दा असा. १९८९ मध्ये ईएमआय या बड्या रेकॉर्ड कंपनीला नाव घेऊन शिव्या घालणारा एक संकलित अल्बम निघाला होता, त्यात हे होते. आणि १९९७ मध्ये त्याच ईएमआयशी करार. माझं मत स्पष्ट आहे: पुढे त्यांनी कितीही चांगलं काम केलं तरी त्या सहीनंतर प्रत्येक गोष्टीचा खुलासा देत बसावं लागलं, आणि ज्याला खुलासे द्यावे लागतात त्याचा आवाज उतरतोच. तुम्हाला काय वाटतं?

अर्धाचहा
मी इतकी वर्षं ते दारूचं गाणं समजून नाचत होतो. :ड

झणझणीत_नाशिक
अराजकवादी आणि ईएमआय? पडक्या घरात राहणाऱ्यांना कर्ज दिलं तरी कुठल्या बँकेनं?

काडीपेटी
@झणझणीत, हहपुवा.

कातळराव, तुम्ही फारच सौम्य लिहिलंय. ईएमआय ही काही नुसती गाण्यांची कंपनी नव्हती. ऐंशीच्या दशकात ती थॉर्न ईएमआय होती आणि लष्करी इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात होती. पंकवाल्यांचा राग त्यासाठी होता. १९९६ मध्ये थॉर्न वेगळी झाली, तेव्हा आता ही कंपनी ती नाही, असं म्हणायची सोय झाली. वा!

आणि हे मी बोलतोय असं नाही, त्यांचे जुने सवंगडीच बोलले. १९९८ मध्ये चंबावंबाच्या विरोधात बाकीच्या पंक बँडांनी मिळून अख्खी एक तबकडी काढली. नाव काय, तर 'बेअर फेस्ड हिपॉक्रसी सेल्स रेकॉर्ड्स'. चंबावंबाच्याच पहिल्या अल्बमच्या नावावर मारलेला टोमणा. घरच्यांनीच अशी वाजवल्यावर आपण कशाला वकिली करायची?

जुनी_कॅसेट
काडीपेटी, पहिल्या अल्बमचं नाव काढलंत म्हणून लिहितो, नाहीतर मी नुसता वाचकच होतो.

'पिक्चर्स ऑफ स्टार्व्हिंग चिल्ड्रेन सेल रेकॉर्ड्स', १९८६. आदल्याच वर्षी लाइव्ह एड झालेला, आख्खं जग इथिओपियासाठी गाऊन डोळे पुसत होतं. त्या वातावरणात हे लोक म्हणतात की भुकेल्या पोरांच्या फोटोवर रेकॉर्डी खपतात आणि भूक कशामुळे पडते ते कोणी विचारत नाही. स्वतःच्या 'ॲजिट-प्रॉप' या लेबलवर काढला. १९८७ मध्ये निवडणूक लागली तर 'नेव्हर माइंड द बॅलट्स'. त्याच वर्षी झेब्रूगची बोट बुडाली, 'सन' या वर्तमानपत्राच्या पुढाकारानं नामवंत गायकांनी मदतनिधीसाठी बीटल्सचं गाणं गायलं. यांनी 'स्कॅब एड' अशा खोट्या नावानं त्याच गाण्याचं विडंबन काढलं. 'सन'च्या छापखान्यातल्या कामगारांचा संप नुकताच चिरडला गेला होता, ती जखम ताजी होती. १९८८ मध्ये सरकारनं समलिंगींविरुद्ध कलम २८ आणलं, त्यावर तातडीची एकगाणी रेकॉर्ड.

म्हणजे यांचा पिंड वृत्तपत्राचा. घडलं की गाणं. दहा वर्षांनी ऐकल्यावर त्यातली निम्मी शिळी वाटतात, हे मी चाहता असूनही म्हणतो. पण खोडकरपणा शिळा होत नाही. १९८२ चा किस्सा माझा सगळ्यात आवडता. 'साउंड्स' साप्ताहिकातला एक समीक्षक तेव्हा 'ऑय' नावाच्या रांगड्या पंकला डोक्यावर घेऊन नाचत होता. यांनी 'स्किन डिसीझ' असं बँडचं सोंग घेतलं आणि त्याला टेप पाठवली. त्यानं खरोखरच त्यांना एका संकलित रेकॉर्डमध्ये घेतलं. स्टुडिओत जाऊन यांनी काय गायलं? 'मी मठ्ठ आहे' या अर्थाचं एकच वाक्य, ६४ वेळा.

तेव्हा घुसायचं, आतून चेष्टा करायची, ही सवय पहिल्या दिवसापासूनची. ईएमआयचा करार मी त्याच रांगेत बसवतो. तत्त्व मोडलं असं नाही, सोंग मोठं केलं.

तिरकस
६४ वेळा! आमच्या सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त लिहायला यांना बोलवा.

तळकोकणी
छान धागा. मला राहून राहून आपले शाहीर आठवतात. अण्णाभाऊ, अमरशेख, गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक. संप झाला की पोवाडा, दुष्काळ पडला की लोकनाट्य, संयुक्त महाराष्ट्र पेटला की 'माझी मैना'. घडलं की गाणं, हे जुनी_कॅसेट यांनी लिहिलेलं तिथेही लागू. मग पंक पंक म्हणून एवढं कौतुक कसलं? आपल्याकडे हे १९४४ पासून चालू होतं.

निवृत्त_मास्तर
तळकोकणी, साम्य वरवरचं आहे. कलापथकाच्या मागे पक्ष होता. कम्युनिस्ट पक्षाच्या सभेआधी कलापथक गर्दी जमवायचं, मग पुढाऱ्याचं भाषण व्हायचं. चंबावंबाला पक्ष ही चीजच नको होती. हुजूर पक्ष नको आणि मजूर पक्षही नको. त्यांच्या गाण्यानंतर स्टेजवर कोणी पुढारी येणार नव्हता, आला तर काय व्हायचं ते १९९८ मध्ये दिसलंच.

पुन्हा आपला शाहीर ढोलकीच्या चौकात उभा राहिला की समोरच्या गिरणी कामगाराला ती चाल आईच्या दुधाबरोबर आलेली असायची. पंकनं तर चाल येत नसली तरी चालेल असं सांगितलं. दोन्ही मोठ्या गोष्टी, पण एकीला दुसरीचं नाव देऊ नये.

तळकोकणी
मास्तर, चालीचा मुद्दा मान्य नाही. त्यांचा १९८८ चा 'इंग्लिश रिबेल साँग्ज' ऐका. १३८१ च्या शेतकरी उठावापासून पहिल्या महायुद्धापर्यंतची बंडाची गाणी, वाद्याशिवाय, नुसत्या गळ्यावर. जमीन सगळ्यांची म्हणणाऱ्या डिगर्सचं गाणं, मताचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्ट कामगारांचं गाणं, खंदकातल्या शिपायांनी अधिकाऱ्यांवर रचलेलं गाणं. पंक बँडनं भर पंकच्या दिवसांत गिटार खाली ठेवून आजोबा-पणजोबांच्या चाली उचलल्या. हा शाहिरी बाणा नव्हे तर काय?

निवृत्त_मास्तर
ऐकतो. त्यानंतर बोलू.

लीड्सवाली
बरीच वर्षं लीड्सलाच आहे, तेव्हा थोडी भर. आर्मली म्हणजे लाल विटांच्या घरांच्या चढउताराच्या गल्ल्या आणि टेकाडावर किल्ल्यासारखा काळाकुट्ट तुरुंग. आजही श्रीमंत भाग नाही. तिथे 'ते चंबावंबावाले' असं म्हातारीकोतारी माणसं सहज म्हणतात, शेजारपाजारच्या पोरांबद्दल बोलावं तसं.

बॉफनं २०१५ मध्ये इथे कॉमनर्स क्वायर नावाचं समूहगायन सुरू केलं. मी त्यांना एका वाचनालयात ऐकलं. पुस्तकांच्या कपाटांच्या मधल्या जागेत दाटीवाटीनं उभी असलेली साधी माणसं. एका काकूंच्या खांद्याला बाजाराची पिशवी तशीच होती, गाताना एका हातानं ती सावरत होत्या. विषय काय, तर वाचनालयांच्या निधीत कपात, फूड बँका, घरभाडी. हा माणूस पुढे उभा राहून हातवारे करत होता आणि मधल्या मधल्या निवेदनात हसवत होता. हा त्या जगप्रसिद्ध गाण्याचा गिटारिस्ट आहे हे मला शेजारच्या बाईनं सांगितलं, त्यानं नाही.

विकला गेला की नाही यावर मी काय बोलू? एवढंच सांगते की २०१२ मध्ये बँड थांबला (शेवटचा कार्यक्रम इथल्याच सिटी व्हरायटीज थिएटरात, ३१ ऑक्टोबरला) आणि त्यानंतरही त्याचं काम याच गावात याच विषयांवर चालू राहिलं. रेड लॅडर या इथल्या नाटक कंपनीसाठी त्यानं नाटकं लिहिली. 'वी आर नॉट गोइंग बॅक' हे १९८४-८५ च्या खाणकामगार संपावरचं, तीन बहिणींची गोष्ट आहे.

चाकरमानी
लीड्सवाली ताई, धन्यवाद. ८४-८५ चा संप म्हटल्यावर आमच्या लालबागवाल्यांना ८२ चा आठवणारच. १८ जानेवारी १९८२. तोही चिरडला गेला. त्यावर आपल्याकडे पुस्तकं आली, सिनेमा आला. पण संपवाल्या घरातल्या बायकांनी ती वर्षं कशी काढली यावर कोणी संगीत नाटक केलं असेल तर सांगा, मी पहिल्या रांगेचं तिकीट काढतो.

तिरकस
मास्तरांनी १९९८ चा उल्लेख करून सोडून दिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ९ फेब्रुवारी १९९८, लंडन, ब्रिट अवॉर्ड्स हा संगीत पुरस्कारांचा सोहळा. उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट बायकोसोबत टेबलावर बसलेले. चंबावंबाचा डॅनबर्ट नोबेकन टेबलावर चढला आणि बर्फाच्या पाण्याची बादली साहेबांच्या डोक्यावर. त्याच रात्री गाण्याचे शब्द बदलून मजूर पक्षानं गोदी कामगारांना विकलं असंही गायले.

बघा, विकण्याचा आरोप करणारे आणि होणारे एकाच स्टेजवर. :)

गृहिणी_नाही
हे मला तेव्हाही पोरकट वाटलं होतं, आताही वाटतं. पाहुणा म्हणून आलेल्या माणसावर पाणी ओतून कुठला गोदी कामगार कामावर परत गेला? दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो पाण्याचा आला, कामगारांचा नाही.

जुनी_कॅसेट
ताई, तारखा बघा. लिव्हरपूलच्या गोदीतल्या सुमारे ५०० जणांना सप्टेंबर १९९५ मध्ये काढून टाकलं, का तर त्यांनी संपावरच्या दुसऱ्या कामगारांची रांग ओलांडून आत जायला नकार दिला. त्या गोदी कंपनीत सरकारचाही हिस्सा होता. मे १९९७ मध्ये मजूर पक्षाचं सरकार आलं, सगळ्यांना वाटलं आता आपला माणूस. काही झालं नाही. जानेवारी १९९८ च्या अखेरीस कामगारांनी नाइलाजानं तडजोड स्वीकारली. आणि पाणी पडलं त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. प्रेस्कॉट तर स्वतः एकेकाळी बोटीवर नोकरी केलेले, खलाशांच्या युनियनमधले. नेम चुकलेला नव्हता.

कामगार कामावर परत गेले नाहीत हे खरं. पण सव्वादोन वर्षं ज्यांची बातमी दाबली गेली त्यांचं नाव त्या रात्री घराघरात गेलं.

गृहिणी_नाही
नाव पाण्याबरोबर गेलं, कारणासकट नाही. माझं मत कायम. त्यांच्या गायिकेचं, ॲलिस नटरचं मात्र पटतं. अमेरिकन टीव्हीवर ती सरळ म्हणाली की परवडत नसेल तर आमचा अल्बम मोठ्या साखळी दुकानातून उचला. तर व्हर्जिन या दुकानवाल्यांनी अल्बम मांडणीतून काढून काउंटरच्या मागे ठेवला! आपलाच माल चोरायला सांगणारी विक्रेती मी दुसरी पाहिली नाही.

हिशोबनीस
मंडळी, भावना पुरे, आकडे बोलूया.

नायकेनं वर्ल्ड कपच्या जाहिरातीसाठी 'टबथम्पिंग' मागितलं. १५ लाख डॉलर. नाही म्हणायला ३० सेकंद लागली, असं बँडनंच सांगितलंय.
२००२ मध्ये जनरल मोटर्सनं पाँटिॲक गाडीच्या जाहिरातीसाठी 'पास इट अलाँग' घेतलं. रक्कम कुठे ७० हजार डॉलर छापलीय, कुठे १ लाख. यांनी पैसे घेतले आणि इंडीमीडिया व कॉर्पवॉच या संस्थांना दिले. त्यांनी ते जनरल मोटर्सच्याच विरोधातल्या मोहिमेला वापरले.

म्हणजे कंपनीच्या पैशानं कंपनीवर दगड. हे मला बेहद्द आवडलं. कराराच्या बाजूनं यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

काडीपेटी
हिशोबनीस, खात्याची एकच बाजू वाचलीत. 'वर्ल्ड कप ९८' हा व्हिडिओ गेम सुरू केला की कुठलं गाणं वाजायचं? सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून आम्ही तेच ऐकत बसायचो. नायकेला नाही आणि गेम कंपनीला हो, हा कुठला अराजकवाद? कुठला पैसा चालतो आणि कुठला नाही हे ठरवायचं यंत्र यांच्याकडे होतं का?

हिशोबनीस
यंत्र नव्हतं, बैठक होती. आठ जण बसून प्रत्येक गोष्ट ठरवायचे. आठ जण बसले की निर्णय वाकडेतिकडे होतात, तुम्ही कधी गणेश मंडळात काम केलेलं दिसत नाही.

आणि एक. अमेरिकेत अल्बम ट्रिपल प्लॅटिनम झाला, तरी वाटणी सारखीच राहिली. गाणारा, वाजवणारा, नुसता नाचणारा, सगळ्यांना तेवढेच. आपल्याकडे दोन भावांच्या बँडमध्ये एवढं जमत नाही.

रानवाट
उशिरा आलो. सगळे करारावर भांडताय, त्याच्या दुसऱ्या पुस्तकाचं कोणी नावच काढलं नाही. 'रन वाइल्ड', २०१२. बॉफ अट्टल फेल रनर आहे. उत्तर इंग्लंडातल्या उघड्याबोडक्या डोंगरांवर पळायच्या या शर्यती. रस्ता आखलेला नसतो, चिखल, दगड, धुकं, नकाशा आपला आपण बघायचा. प्रवेश फी किरकोळ, शेवटी गावातल्या हॉलमध्ये चहा-केक.

पुस्तकात त्यानं शहरी मॅरेथॉनला धू धू धुतलंय. हजारो लोक बंदिस्त डांबरी रस्त्यावर, छातीवर प्रायोजकाचं नाव, हातात घड्याळ, आणि याला म्हणे स्वातंत्र्य. मी दोन्ही पळतो, आणि सिंहगडाहून राजगडाकडे जाणाऱ्या धारेवर पहाटे पळताना त्याचं म्हणणं शंभर टक्के पटतं. माझ्या मते त्याचं राजकारण सगळ्यात स्वच्छ उतरलंय ते याच पुस्तकात, आणि त्यात राजकारण हा शब्द फारसा येतही नाही.

पेसमेकर_दादर
रानवाट, हे जरा अतिच होतंय. मुंबई मॅरेथॉनला पहाटे अंधारात पेडर रोडच्या चढावर बाल्कनीत उभं राहून अनोळखी आजी संत्र्याच्या फोडी देतात. ते खोटं? चाळीशीनंतर मधुमेह निघाल्यावर पळायला लागलेल्या माणसाला तुम्ही सांगणार की आधी राजगड चढ? डोंगरावर पळायला गाडी लागते, सुट्टी लागते, भारीतले बूट लागतात. डांबर सगळ्यांचं असतं.

रानवाट
डांबर सगळ्यांचं, पण त्या दिवशी छातीवर नंबर नसेल तर हटकतात ना? तोच त्याचा मुद्दा. बूट मात्र भारी लागतात, कबूल. :)

तळकोकणी
पेसमेकर, डोंगर सगळ्यांचे नव्हते हीच तर तिथली गोष्ट. किंडर स्काउट हे पठार जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव होतं. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरकडचे शेकडो तरुण कामगार ठरवून घुसले, रखवालदारांशी झटापट झाली, पाच जण तुरुंगात गेले. चंबावंबाच्या २००५ च्या अल्बममध्ये त्यावर 'यू कॅन' हे गाणं आहे. तेव्हा त्याचं पळणं आणि गाणं एकाच जागेवरून येतं, मोकळं रान कोणाचं हा प्रश्न.

चाकरमानी
आमच्याकडे वाड्यालगतची पायवाट एका बंगलेवाल्यानं तार घालून अडवलीय. आता कळलं, गाणंच लिहायला पाहिजे.

कातळकडा
धागा माझ्या अपेक्षेपेक्षा बराच पुढे गेला, सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो.

जुनी_कॅसेट यांचा सोंगाचा मुद्दा हुशार आहे, पण एक अडचण राहते. सोंग कळलं कोणाला? २०११ मध्ये ब्रिटनमधल्या युकिप या उजव्या पक्षानं परिषदेत 'टबथम्पिंग' वाजवलं, बँडनं आक्षेप घेतला. मार्च २०२४ मध्ये न्यूझीलंडचे उपपंतप्रधान विन्स्टन पीटर्स यांनी आपल्या भाषणाच्या सभेत तेच वाजवलं, पुन्हा बॉफला निवेदन काढावं लागलं आणि रेकॉर्ड कंपनीला मध्ये घालावं लागलं. ज्या कंपन्यांना शिव्या घालत मोठे झालात, त्यांच्याच वकिलांकडून गाण्याचं राखण करून घ्यायचं. याला मी हार म्हणतो. 'इंग्लिश रिबेल साँग्ज' कुठला उजवा पुढारी वाजवायला धजणार नाही.

जुनी_कॅसेट
धजणार नाही, कारण त्याला ते माहीतच नाही. तुम्हाला तरी 'फुटनोट' कशामुळे हाती घ्यावंसं वाटलं? त्या गाण्यामुळेच ना? चोरायला लायक काहीच लिहिलं नसतं तर कोणी चोरलंही नसतं. डेव्हिड लेटरमनच्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात त्यांनी याच गाण्याच्या मध्ये मुमिया अबू-जमालला (पोलिसाच्या खुनाबद्दल शिक्षा झालेला कृष्णवर्णीय पत्रकार) सोडा अशी घोषणा घुसडली. ॲजिट-प्रॉप लेबलवर राहून ते लेटरमनकडे कसे पोचले असते, हे सांगा.

कातळकडा
पोचले, बरोबर. मुमियाचा प्रश्न त्यातल्या किती प्रेक्षकांनी दुसऱ्या दिवशी कोणाला विचारला? ती घोषणा गाण्याच्या गजरात विरून गेली. आपलं इथे जमणार नाही असं दिसतंय.

लीड्सवाली
तुमच्या भांडणात एक राहिलंच. मार्गारेट थॅचर जिवंत असतानाच यांनी तिच्या मृत्यूसाठीची रेकॉर्ड ध्वनिमुद्रित करून ठेवली आणि आगाऊ नोंदणी घेतली. लोकांनी पैसे भरून वर्षानुवर्षं वाट पाहिली. ८ एप्रिल २०१३ ला बाई गेल्या. बँड बंद होऊन काही महिने झाले होते, तरी सगळ्यांना टपालानं पाठवली. शब्द पाळला बरं का.

गृहिणी_नाही
हे तर पाण्यापेक्षा वाईट!

अर्धाचहा
आगाऊ नोंदणी करून इतकी वर्षं थांबायचं. आमचा बिल्डर यांच्याकडूनच शिकलेला दिसतो, फक्त त्याचा ताबा अजून आलेला नाही.

निवृत्त_मास्तर
काल रात्री 'इंग्लिश रिबेल साँग्ज' ऐकला. खंदकातलं गाणं दोनदा ऐकलं. तळकोकणी, शाहिरी म्हणणार नाही, पण वासुदेव दारात आल्यावर जसे हातातलं काम सोडून उभे राहायचो तसा उभा राहिलो खरा. यात २००३ ची नव्यानं गायलेली आवृत्तीही दिसते, खाणकामगारांच्या संपापर्यंत आणलेली. कुठली घेऊ?

तळकोकणी
आधी जुनी, मास्तर. नवीत आवाज तयारीचे आहेत, जुनीत धाप लागलेली ऐकू येते.

काडीपेटी
दोन्ही घ्या. मधला १९९७ तेवढा वगळा. :प